उन्हात न दिसणारी ज्योत

१८ जून

प्रिय लिटमस,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, ते दिसतं मला, पण उत्तर येत नाही. म्हणून म्हटलं, सरळ कागदच धाडावा. हातात आलेला कागद माणूस निदान उलटून तरी बघतो.

घाबरू नकोस, हे कामाचं पत्र आहे. घरचं यात काही नाही.

आपल्या शाळेला शिक्षण खात्याकडून व्हीआरचे हेडसेट मिळालेत. डोळ्यांवर चढवायचे ते काळे डबे. ते लावले की आपण म्हणे प्रयोगशाळेत असतो. समोर ओटा, ओट्यावर परीक्षानळ्या, हाताशी नळ. मोठ्या बाईंनी सगळ्यांना बसवून विचारलं, ‘हे कोण सांभाळणार?’ तू गेल्यापासून विज्ञानाला जे सर येतात ते कायम तात्पुरतेच असतात. आताचे तिसरे. ते म्हणाले, ‘माझा करार सहामाहीपर्यंतच आहे.’ गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘मला पाळण्यातसुद्धा चक्कर येते.’ मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी, नववीला भाषा शिकवणारी! मला कुणी आम्ल आणि आम्लारी यांतला फरक विचारला तर मी शब्दांची व्युत्पत्ती सांगेन.

तर आता चित्रकलेच्या खोलीत आमची ‘आभासी प्रयोगशाळा’ भरते. पाटी मोठ्या बाईंनी स्वतः रंगवून घेतली. मुलं तिला ‘डबेखोली’ म्हणतात. समोरच तुझ्या प्रयोगशाळेचं दार आहे. कुलूप तसंच आहे.

मला तुला एवढंच विचारायचंय. त्या डब्यातल्या प्रयोगात एका मुलानं परीक्षानळी तापवताना तिचं तोंड थेट स्वतःच्या नाकाकडे धरलं होतं. काहीच झालं नाही. प्रयोग पूर्ण, वर चांदणी मिळाली. मला ते काही बरोबर वाटेना. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘पुस्तकात बघून सांगतो.’ तू सांगशील? दोन ओळी पुरेत.

टिटवी बरी आहे. उंच झालीय तुझी भाची.

तुझी वहिनी
(आणि वहिनी होण्याआधीची मैत्रीण, हे विसरली असशील तर)


७ जुलै

प्रिय लिटमस,

तुझं उत्तर आलं! ‘परीक्षानळीचं तोंड कुणाकडेही नको. ना स्वतःकडे, ना शेजाऱ्याकडे. आतलं उकळून उडतं. मुलांना सांग.’ मायना नाही, सही नाही. औषधाच्या बाटलीवरच्या सूचनाही याहून मायेनं लिहिलेल्या असतात. पण अक्षर तुझंच. मी ते फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं. एक जण म्हणाली, ‘बाई, हे लिटमसबाई बोलल्यासारखं वाटतंय.’ मी म्हटलं, ‘वह्या काढा.’

पाकीट तुझ्या दादानं पेटीतून काढून आणलं होतं. त्यानंही अक्षर ओळखलं. उघडलं नाही, माझ्या उशाशी ठेवलं आणि दुकानात निघून गेला. चहा न पिता.

डबेखोलीच्या गमती ऐक. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांवर आपटले, एकीनं हवेत बीकर ठेवायला जाऊन खरी खुर्ची पाडली, आणि एका धटिंगणाला असं मळमळलं की बादली आणावी लागली. हेडसेट वर्गाच्या निम्म्याला पुरतील एवढेच आहेत. म्हणून मी जोड्या लावल्या. एकानं डबा लावायचा, दुसऱ्यानं राखण करायची. राखणदारानं खांदे धरायचे, भिंत आली की सांगायचं. मुलांना राखणदारीच जास्त आवडते, कारण आंधळ्या कोशिंबिरीत डोळे उघडे असलेल्यालाच खरी मजा असते.

टिटवी कायम राखणदार असते.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं ती बरी आहे. ते अर्धंच खरं. जखमा भरल्या. डॉक्टर म्हणतात कोपर आता पूर्ण सरळ होतं. पण मी गॅस पेटवायला लागले की ती स्वयंपाकघरातून उठून जाते. बोलत नाही, तोंड वाकडं करत नाही, फक्त पाण्याचा पेला उचलून बाहेर जाते, जणू तिला तहानच बाहेर लागलीय. आम्ही सगळे ते न पाहिल्यासारखं करतो. उकाड्यातसुद्धा लांब बाह्या. वर्गात सगळ्यांत मागच्या बाकावर बसते, आणि भिंगरी सगळ्यांत पुढच्या. जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या दोघी. भिंगरीनं त्या दिवशी तुझ्या प्रयोगशाळेत पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतलं आणि आग टिटवीच्या हातावर गेली, तेव्हापासून दोघींत एक शब्द नाही. टिटवी तिच्यावर चिडलेली आहे असंही नाही. नुसतंच नाही काही.

मी हे सगळं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

पुढचा प्रश्न: चुनखडीवर आम्ल टाकलं की डब्यात फेस येतो, पण आवाज येत नाही. खऱ्यात येतो का?

तुझी वहिनी


४ ऑगस्ट

प्रिय लिटमस,

‘येतो. बारीक. कान जवळ नेऊ नये.’ मिळालं. यावेळी पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, म्हणजे आपली प्रगती होतेय. रंगाच्या कारखान्यात चाचणी विभागात असतेस, हे त्या शिक्क्यावरून कळलं. बरं वाटलं. निदान काचेची भांडी तरी आहेत तुझ्या हाताशी.

आज जे लिहायचंय ते कसं लिहावं कळत नाहीये, म्हणून झालं तसंच सांगते.

भिंगरीचा चष्मा त्या डब्यात मावत नाही. जाड भिंगं, रुंद दांड्या. चष्मा काढला तर तिला सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. बिचारी प्रत्येक तासाला खिडकीशी बसून पुस्तक उघडून ठेवायची, पान उलटायची नाही. कंपनीला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, डब्यात बसवायची वेगळी भिंगं मिळतात, पण मागवावी लागतात, वेळ लागेल. म्हणून मी एक हेडसेट घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायकोनं टेबलावर काही ठेवलं आणि चष्मेवाल्यानं ते उचलून पाहिलं नाही असं होईल का?

तुझ्या दादानं तो उलटा केला, आतली भिंगं अंगठ्यानं चाचपली. म्हणाला, ‘यात नंबराच्या भिंगांची कडी बसेल. सोपं आहे. कुणासाठी?’

मी सांगितलं.

त्यानं डबा खाली ठेवला. हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. मला वाटलं, संपलं.

सकाळी उठले तर टेबल रिकामं. त्यानं डबा दुकानात नेला होता. दुपारी निरोप आला: ‘पोरीला पाठव. जुना नंबर चालणार नाही, डोळे तपासावे लागतील.’

शाळा सुटल्यावर मी भिंगरीला घेऊन गेले. ती दुकानाच्या पायरीशी थांबली. म्हणाली, ‘बाई, काका ओरडतील.’ मी म्हटलं, ‘ओरडले तर मी आहे ना.’ खरं सांगते, मला स्वतःलाही खात्री नव्हती.

तो ओरडला नाही. खुर्चीत बसवलं, एकेक भिंग बदलत गेला. ‘हे बरं की हे?’ तुला माहीत आहे त्याचा तो आवाज, गिऱ्हाइकासाठी ठेवलेला. मग तो थांबला. तिचा चष्मा हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि विचारलं, ‘हा कधीचा?’

‘सहावीतला.’

‘म्हणजे गेल्या वर्षी आठवीतही हाच होता?’

तिनं मान हलवली. नंबर जवळजवळ दुप्पट झालाय, लिटमस. तिच्या घरी कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, कारण पहिल्या बाकावर बसून भागत होतं.

तुझा दादा उठला. फ्रेमच्या दांड्या गरम करून वाकवायला त्याच्याकडे स्पिरिटचा दिवा असतो, तो त्यानं पेटवला आणि उचलून खिडकीत, भर उन्हात ठेवला. तिला तिचा जुना चष्मा परत दिला. दोन पावलं मागे उभं केलं. ‘सांग बघू, दिवा पेटलाय की विझलाय?’

तिनं डोळे बारीक केले. मान इकडे केली, तिकडे केली. ‘विझलाय, काका.’

मी तिच्या शेजारीच उभी होते. माझे डोळे चांगले आहेत. मलाही काही दिसलं नाही.

मग तो स्वतः तिच्या जागी येऊन उभा राहिला. वाकला. पुन्हा वाकला. शेवटी त्यानं दिव्यावर हात धरला आणि चटका बसल्यावर मागे घेतला.

भिंगरी रडायला लागली. म्हणत होती, ‘मला वाटलं विझलाय म्हणून मी ओतलं. मी सांगितलं होतं सगळ्यांना, कुणाला खरं वाटलं नाही.’ तुझ्या दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, समजूतही काढली नाही. त्याला ते जमत नाही. त्यानं टोपण घालून दिवा विझवला, तिच्यासाठी नवी फ्रेम निवडायला घेतली आणि म्हणाला, ‘लाल घेतेस की निळी?’

रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, ‘तिला दिसलं नाही. मी जवळ होतो, मलाही वाकावं लागलं.’ आणि मग, भाताकडे बघत, ‘पलीकडच्या ओट्यावरून तर काय दिसणार होतं?’

पलीकडच्या ओट्यावर कोण होतं, ते त्यानं म्हटलं नाही. मीही नाही.

तुझी वहिनी


१ सप्टेंबर

प्रिय लिटमस,

उत्तर नाही आलं. मागच्या पत्रात प्रश्नच नव्हता म्हणून असेल असं मी स्वतःला समजावलं. आता प्रश्न आहे, आणि तो माझा नाही.

तुझ्या दादानं केलेली कडी डब्यात चपखल बसली. भिंगरीनं पहिल्यांदा हेडसेट लावला आणि एवढ्या मोठ्यानं ‘आई गं, केवढं आहे!’ म्हणून ओरडली की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मी म्हटलं, ‘हिला राखणदार कोण?’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अजूनही तिच्या जोडीला कुणी पटकन येत नाही. मी दुसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. टिटवी येऊन तिच्या मागे उभी राहिली. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. म्हणाली, ‘डावीकडे भिंत आहे.’

लिटमस, नऊ महिन्यांत टिटवीनं तिच्याशी उच्चारलेले हे पहिले शब्द. मी फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

दुसऱ्या दिवशी अदलाबदल झाली. टिटवीनं डबा लावला. मी मुद्दाम लांब उभी राहिले. समोरच्या पडद्यावर तिला जे दिसतं ते आम्हालाही दिसतं. ओट्यावर दिवा. तिनं काडी ओढली आणि लगेच मागे सरकली, भिंगरीच्या पायावर पाय देऊन. भिंगरी म्हणाली, ‘हूं, उभी राहा, मी आहे.’ मग टिटवीनं दिवा पेटवला. टोपणानं विझवला. पुन्हा पेटवला. किती वेळा, मोजलं नाही; प्रयोग वेगळाच होता, तो तसाच राहिला. शेवटी तिनं ज्योतीवर हात धरला. तिथं काय, नुसता रंग. चटका नाही, वास नाही. ती हात तिथंच धरून उभी होती. बाही वर सरकली होती, तिच्या लक्षात नव्हतं.

आणि मग तिनं स्पिरिटची बाटली उचलली आणि पेटत्या दिव्यावर तिरकी केली.

पण बाटलीतून काही पडेनाच. वर अक्षरं उमटली: ‘ही कृती करता येणार नाही.’ तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती ओरडली, ‘करता येते! खोटं आहे हे! भिंगरीनं केली होती!’

सगळ्यांची तोंडं भिंगरीकडे वळली.

भिंगरीनं तिचे खांदे सोडले नाहीत. म्हणाली, ‘हो. मी केली होती.’

टिटवीनं डबा काढला. तोंड लाल, केस विस्कटलेले. मला वाटलं आता रडेल. ती रागावलेली होती, पण भिंगरीवर नव्हे. ‘मग हे असं का दाखवतात? उद्या कुणीतरी खरंच करेल ना! त्याला वाटेल, काही होतच नाही.’ आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्या वर्गासमोर, ‘आई, आत्याला विचार.’ शाळेत ती मला बाई म्हणते. तेव्हा विसरली.

म्हणजे तिला माहीत होतं. मी कुणाला पत्रं लिहिते ते. घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणीच काही बोलत नाही, असं आपलं घर आहे.

खाली तिच्या अक्षरात आहे:

आत्या, पेटत्या दिव्यात ओतलं तर आग उलटी बाटलीकडे का जाते? आणि तिथून माझ्याकडे का आली? भिंगरीच्या हाताला काहीच कसं झालं नाही? सर म्हणतात अभ्यासक्रमात नाही. नीट सांग, लहान समजून सांगू नकोस. – टि.

आणखी एक सांगायचं राहिलं. मोठ्या बाईंचं ठरलंय की सहामाहीच्या सुट्टीत जुन्या प्रयोगशाळेतले ओटे काढून टाकायचे. डबे आलेत, आता कशाला ती जोखीम. खरं सांगू? मला बरं वाटलं. तिथं परत कधी कुणी काडी ओढणार नाही, म्हणून.

तुझी वहिनी


२८ सप्टेंबर

प्रिय लिटमस,

सात पानं! पाकीट फुगलेलं पाहून मला आधी वाटलं, माझीच पत्रं परत पाठवलीस.

टिटवीची पानं तिनं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचली. मी सांगितलं नव्हतं, तिनंच ठरवलं. जळतं ते पातळ स्पिरिट नसतं, त्याची वाफ जळते. अर्धी रिकामी बाटली म्हणजे वाफेनं भरलेली बाटली. ज्योत धारेवरून चढून आत शिरते आणि आतली सगळी वाफ एकदम पेटून तोंडातून बाहेर झेपावते. म्हणून ओतणारीला नाही, तोंडासमोर उभ्या असलेलीला लागतं. तू काढलेलं चित्र तिनं भिंतीवर लावलंय. आणि तो शेवटचा परिच्छेद वाचताना ती अडखळली: ‘मी पलीकडच्या ओट्यावर एकाची नळी धुऊन देत होते. तुझा आवाज ऐकून वळले. ॲप्रन टाकून तुझा हात दाबून धरला. त्याआधी काही करता आलं असतं का, हे मी रोज विचारते. अजून उत्तर नाही.’

तुझा दादा उठून बाहेर गेला. टिटवी म्हणाली, ‘बाबा, अजून अर्धं पान आहे.’ तो परत येऊन बसला.

मला लिहिलेलं पान मात्र मी एकटीनं वाचलं. एवढी रागावलेली तू मला बऱ्याच वर्षांनी भेटलीस. ‘ज्या आगीला चटका नाही ती बघून मुलं काय शिकतील? डबे चांगलेच आहेत, हजार वेळा चुकायला जागा देतात. पण चुकूच देत नसाल तर ते खेळणं. आणि ओटे काढाल तर ती मुलं पहिल्यांदा खरी काडी कुठं ओढतील? माझ्या कारखान्यात येऊन?’ प्रयोगशाळेमुळे नोकरी सोडणारी तू, आणि बंद करू नका म्हणून मलाच झापतेस!

पण झापलंस ते लागलं. मी कंपनीला पुन्हा फोन केला. एक मुलगी आली, चटपटीत, पाठीवर सॅक. मी विचारलं, ‘तुमच्या डब्यात चुका का करता येत नाहीत?’ ती म्हणाली, ‘येतात की, बाई. धोक्याचे धडे आतच आहेत. शाळा घाबरतात म्हणून आम्ही बंद करून देतो.’ मी म्हटलं, ‘उघडा.’ तिनं माझ्याकडे पाहिलं, बहुधा वयाचा अंदाज घेतला, आणि उघडले.

टिटवी आणि भिंगरीनं तो धडा आधी बघितला. आळीपाळीनं. आग बाटलीतून झेपावते, समोर ठेवलेली कागदाची चवड पेटते. टिटवीनं डबा काढल्यावर मी विचारलं, ‘बघवलं का?’ तर म्हणाली, ‘हो. आता कळलं ना कुठं उभं राहायचं नाही ते.’ संध्याकाळी मी गॅस पेटवला तेव्हा ती उठली, दारापर्यंत गेली, आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तिथूनच मला शाळेतलं काहीबाही सांगत होती.

मग मला जे सुचलं ते इतकं साधं होतं की आधी कसं सुचलं नाही याची लाज वाटली. हेडसेट निम्म्या वर्गाला पुरतात. मग उरलेल्या निम्म्याला राखणदार कशाला करायचं? एक तुकडी डब्यात शिकेल, चुका करून घेईल. दुसरी त्याच वेळी समोरच्या खऱ्या प्रयोगशाळेत, मोजकी मुलं, प्रत्येक ओट्याशी सरांची नजर. तुझ्या वेळी त्या खोलीत पन्नासाच्या वर मुलं असायची. तू किती वेळा लिहून दिलं होतंस मोठ्या बाईंना, मला आठवतं.

त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, ‘कल्पना चांगली आहे, पण पालक मला फाडून खातील. तुम्ही बोला त्यांच्याशी.’

पालकसभा काल झाली. मी भाषेची बाई, बोलणं हा माझा धंदा, तरी कागदावर लिहून नेलेलं वाचून दाखवलं. एक आई म्हणाली, ‘डबे असताना आगीशी खेळ कशाला? एकीचं झालं ते पुरे नाही का?’ बऱ्याच माना हलल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून तुझा दादा उठला. मला ठाऊकही नव्हतं तो आलाय. दुकानाचा कोट तसाच अंगावर.

‘ती एक माझी मुलगी,’ म्हणाला. ‘म्हणून बोलतो. त्या दिवशी खोलीत मुलं फार होती. ऊन होतं. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, मी माझ्या दुकानात ठेवून बघितली. ज्या पोरीनं ओतलं तिला दिसत नव्हतं, आणि ते आपल्यापैकी कुणी तपासलं नव्हतं; मी चष्मेवाला असून नाही. आणि बाई एकच होती.’ तो थांबला. हातातला किल्ल्यांचा जुडगा त्यानं कोटाच्या खिशात टाकला. ‘ती बाई माझी बहीण. मी तिला दवाखान्यात सगळ्यांसमोर काय बोललो, ते इथं बऱ्याच जणांनी ऐकलंय. ते चूक होतं. हेही सगळ्यांनी ऐकावं म्हणून आलो. ओटे काढू नका. माझ्या मुलीचं नाव पहिल्या तुकडीत घाला.’

आणि बसला. त्याच्या शेजारी भिंगरीचे वडील होते. ते सरकले आणि त्याला नीट जागा करून दिली.

मी जन्मात याच्याकडून एवढी वाक्यं सलग ऐकली नव्हती. लग्न ठरवताना तूच मला म्हणाली होतीस, ‘माझा भाऊ मुका नाही, फक्त काटकसरी आहे.’

ओटे राहिले.

तुझी वहिनी


२२ नोव्हेंबर

प्रिय लिटमस,

तुझी तिन्ही उत्तरं मिळाली. पडदे लावायची सूचना, वाळूच्या बादल्यांची जागा, स्पिरिटची बाटली कुलपात आणि दिवे भरून ठेवलेले, सगळं तू लिहिलंस तसंच केलं. खिडक्यांना गडद पडदे पाहून मुलं म्हणाली, ‘बाई, सिनेमा आहे का?’

काल प्रयोगशाळा उघडली.

कुलूप गंजलं होतं, शिपाईदादांनी तेल सोडून उघडलं. आत कोंदट वास, ओट्यांवर धूळ, आणि तुझा तो मोडका स्टूल, त्यावर चढून तू वरच्या कपाटातलं काढायचीस. नवीन सर आलेत, हेही तात्पुरतेच, पण हौशी आहेत. मी दाराशी उभी होते. माझं तिथं काही काम नव्हतं. माझी तुकडी समोर डब्यात होती आणि त्यांच्यावर कंपनीची ती सॅकवाली मुलगी नजर ठेवून होती. मला म्हणाली, ‘जा ना बाई, मी बघते.’

सरांनी विचारलं, ‘पहिला दिवा कोण पेटवणार?’ टिटवीनं हात वर केला. तिची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. सैल कापड आगीजवळ नको, असं तूच लिहिलं होतंस. तिनं ते वाचलं आणि वर्गात शिरण्याआधी दुमडली. सगळ्यांनी तो हात पाहिला. एकानं विचारलं, ‘दुखतो का?’ ती म्हणाली, ‘थंडीत खाजतो.’ एवढंच. मी तो लपवण्यासाठी वर्षभर लांब बाह्यांचे कपडे शोधत फिरत होते.

पहिली काडी मोडली. दुसरी विझली. मी पाऊल टाकणार होते, पण भिंगरी शेजारी होती, लाल फ्रेममधून टक लावून बघत, आणि ती म्हणाली, ‘अंगठा खाली धर.’ तिसरी पेटली. दिवा पेटला. पडद्यांमुळे खोलीत अंधार होता, त्यामुळे ज्योत चांगली दिसली, तळाशी निळी, वर पिवळसर. मग सर म्हणाले, ‘आता परीक्षानळी,’ आणि ती कामाला लागली. बाकीच्यांसारखीच. मीठ सांडलं, आकडा चुकीचा लिहिला, शेजारच्याशी भांडली. मी किती वेळ तिथं उभी राहून तिचं भांडण ऐकत होते, सांगता येणार नाही. एवढं गोड भांडण मी ऐकलेलं नाही.

विज्ञानाची कायमची जागा निघणार आहे. दोन तुकड्या म्हणजे दोन माणसं लागणार, हे मोठ्या बाईंनी वर पटवलंय. मी तुला अर्ज कर म्हणत नाही. तुझं तिकडे बरं चाललं असेल तर तिथंच राहा. पण जागा निघाली हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मला राग आला असता.

आता हे पत्र मी पेटीत टाकणार नाहीये. तुझ्या दादाच्या हातात देतेय. तो सकाळच्या बसनं निघतोय. रविवारी दुकान बंद ठेवतोय, ते त्यानं आमच्या लग्नातही केलं नव्हतं. मी विचारलं, ‘काय म्हणून जातोस?’ तर म्हणाला, ‘तिचे डोळे तपासून येतो. कारखान्यातल्या दिव्यांखाली काम करते, नंबर बदलला असेल.’ तपासणीच्या भिंगांची पेटी घेतलीय बरोबर. टिटवीनं विचारलं, ‘बाबा, आत्याला चष्मा कुठंय?’ तर म्हणाला, ‘म्हणूनच.’

म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा तो समोर उभा असेल, पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. तो आपण होऊन बसणार नाही, त्याला बस म्हण. वाटेत त्यानं काही खाल्लं नसणार. काय बोलायचं ते बसमध्ये शंभरदा मनात म्हणून आला असेल आणि दार उघडताच विसरला असेल, तेव्हा घाई करू नकोस. त्याला डोळे तपासू दे. खिडकीपाशी खुर्ची ठेव, उजेड येईल अशी, आणि तो विचारेल त्याचं खरं उत्तर दे, हे बरं की हे.

तुझी,
वहिनी